आधी नमस्कार, मग सिस्टीम

...अहो, ऐकीव गोष्टीवर विसंबायचं तरी कसं? सोमवारी दुपारी, लॅबच्या दारात, सीनियर ताईंच्या तोंडून मी स्वतः ऐकलं, "बाहेरचे परीक्षक बोर्ड बघत नाहीत रे, सरळ वायर उपटतात! तू उपटून बघितलीस?" म्हटलं, "ताई, रीसेटचं बटण म्हणजे तेच की!" तुम्हाला सांगतो, मी काळजी घेणारा माणूस आहे!

माझा प्रबंध काय, तर बोर्डाला, म्हणजे तळहाताएवढ्या उघड्या कॉम्प्युटरला, वीज आली की त्याच्या साठवणीच्या चिपमधून, म्हणजे फ्लॅश मेमरीतून, ऑपरेटिंग सिस्टीम उचलायची, तपासायची, उभी करायची. आई फोनवर म्हणते, "एवढंच ना? बटण दाबलं की झालं!" अगं आई, बटण दाबल्यावर जे होतं तेच तर मी लिहितोय! आणि ते झालं नाही, तर पदवी लटकली!

बरं, चालत होतं हो! आधी पडद्यावर 'नमस्कार, मी जागा झालो' अशी ओळ उमटायची, मग सिस्टीम. पण आमचे मार्गदर्शक सर! चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "काय हा बालिशपणा? काढा तो नमस्कार." काढला. रीसेट दाबलं... चाललं. पुन्हा दाबलं... चाललं. बोट दुखेपर्यंत दाबलं! काळजी घेणारा माणूस ना मी!

आणि परीक्षेत? परीक्षक उठले, टेबलाला वळसा घातला, अन् वायर निघाली! पुन्हा खोचली. बोर्ड ढिम्म! सरांनी उगाच फुंकर मारली. ढिम्म! मी म्हटलं, "सर, कालपर्यंत..." परीक्षक म्हणाले, "कालचं राहू द्या हो." आणि एकदम लख्ख उजाडलं! रीसेटमध्ये वीज जातेच कुठे? फ्लॅश जागीच असते! वीज गेली, की मात्र तिला जागं व्हायला क्षणभर लागतो, आणि तो क्षण मिळत होता ती बालिश नमस्काराची ओळ उमटेपर्यंत! ती ओळ परत घातली, वायर काढली, लावली... 'नमस्कार, मी जागा झालो.' सिस्टीम उभी!

पास झालो. शेरा मिळाला: 'फ्लॅश तयार आहे का, हे तिलाच विचारावे. नमस्कार ऐच्छिक.' मी दोन्ही ठेवलंय.

फक्त एक गोष्ट आजतागायत पडताळता आली नाही. ती वायर त्यांनी खरंच उपटली, की जाता जाता नुसता पाय अडकला? टेबलाखाली वाकूनही पाहिलं. तुम्हाला सांगतो, मी काळजी घेणारा माणूस आहे... पण सही झाल्यावर परीक्षकांना "हात की पाय?" असं विचारायचं कुणी?