भाकरीच्या तीन थापा

जबाब नोंदविल्याची तारीख १७ जुलै २०२५, गुरुवार, सकाळी ११.२०

मी शिवगंगा मल्लिनाथ शेटे, वय ५४ वर्षे, व्यवसाय रेडिओ चालवणे, रा. आंबेदरा, ता. अंबाजोगाई, जि. बीड. व्यवसायाच्या रकान्यात आधी 'घरकाम' लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. पतीचे नाव जमादार धर्मराज यांनी मला कागदावर लिहून द्यायला सांगितले, कारण आमच्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. मी म्हणाले, आता घेते.

समक्ष हजर राहून सांगते की,

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मी अंगण झाडले, म्हशीला कडबा टाकला, धार काढली आणि चुलीपुढे भाकरी थापायला बसले. तिसरी भाकरी परातीत होती तेव्हा माझे पती फोन घेऊन आत आले. त्यांचा गावात लाउडस्पीकर लावण्याचा धंदा होता. प्रत्येक दवंडीच्या आधी वाजवायला त्यांना स्वतःचा आवाज भरून ठेवायचा होता. बाहेर वारा होता म्हणून ते चुलीपाशी आले. त्यांनी फोन चालू केला. माझ्या तीन थापा पडल्या. मी हात थांबवीपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "ऐका मंडळी, मल्लिनाथ बोलतोय." मी म्हणाले, "हळू बोला, म्हैस बिचकती." ते म्हणाले, "बिचकू दे. गावाला ऐकू आलं म्हंजी झालं." तारीख आठवत नाही. त्या दिवशी गावात विशेष काही नव्हते.

टँकर फाट्यावर स्वतः बघितल्याशिवाय ते 'टँकर आला' अशी दवंडी देत नसत. त्यामुळे त्यांचा आवाज आला की गावात पुन्हा कोणी विचारत नसे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात ते वारले.

आमच्या गावात लोकांनी चालवलेले लहान रेडिओ केंद्र आहे. शाळेच्या जुन्या खोलीत ते आहे आणि पारावर त्याचा एक कर्णा लावलेला आहे. माझ्या दिराची मुलगी कावेरी, वय २६, हिने ते उभे केले. पती गेल्यानंतर चौथ्या महिन्यात ती घरी आली आणि म्हणाली, "काकू, घरात बसून भिंती कशाला मोजता? चला माझ्यासंगं." तिने मला साउंडबोर्ड शिकवला. लॅपटॉपवर चोवीस चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात एक आवाज भरलेला असतो आणि त्यावर त्याचे नाव असते. चौकोन दाबला की त्याच क्षणी तो आवाज हवेत जातो. बातमीआधीची धून, शेतीच्या कार्यक्रमाआधी बैलाच्या घुंगरांचा आवाज, जनावरांच्या डॉक्टरांच्या कार्यक्रमाआधी शेळी, असे. चुकीचा दाबला तर परत घेता येत नाही. दीड वर्षात माझ्या हातून दोन चुका झाल्या. दोन्ही वेळा शेळी ओरडली.

मी शाळेत गेले नाही. पतीच्या दुकानातल्या कॅसेटींवर त्यांनी नावे लिहिलेली असत, त्यावरून मी अक्षरे लावली. नंतर सामान बांधून आलेले पेपर वाचले. आज कोणताही चौकोन मी न अडखळता वाचते.

पहिल्या चौकोनात पतींचा आवाज होता. तो केंद्राचा आवाज झाला होता. रोज सकाळी सात वाजता मी तो दाबत असे आणि मग पाण्याच्या पाळ्या सांगत असे. तो भरताना कावेरी म्हणाली, "काकू, याच्यात भाकरीचं थापणं येतंय." मी चार दिवस बसून आवाज कापायला शिकले. पुढच्या थापा कापल्या, मागचे माझे बोलणे कापले. माझा आवाज मीच काढला. त्यामुळे रेडिओवर फक्त 'ऐका मंडळी, मल्लिनाथ बोलतोय' एवढेच वाजत असे. न कापलेला आवाज फक्त माझ्या फोनमध्ये होता.

जून महिन्यात बंकट घरी आला. तो अकरा वर्षे माझ्या पतींच्या हाताखाली कर्णे बांधायला होता. आता जीपवर स्पीकर लावून भाड्याने फिरतो. तो म्हणाला, "वैनी, मालकाचा आवाज द्या की. सकाळी उठून ऐकीन म्हणतो." त्यांची आठवण काढणारा माणूस दारात आला याचा मला आनंद झाला. मी त्याला चहा दिला आणि फोनवरून आवाज पाठवला. ही चूक माझी आहे. ती दुसऱ्या कोणाच्या नावावर लिहू नये.

मंगळवार, १५ जुलै रोजी सकाळी दहा वाजता ग्रामसभा होती. आठवडी बाजाराची जागा खाजगी इमारतीला द्यायची का, हा विषय होता. त्या जागेवर भाजी विकणाऱ्या बायका सभेला येणार होत्या. साडेनऊच्या सुमारास गल्लीतून पतींचा आवाज गेला आणि त्यामागून दुसऱ्या माणसाच्या आवाजात, "आजची ग्रामसभा रद्द करण्यात आली आहे." लोकांना पारावरचा कर्णाच वाटला. बायका वाटेतून परत फिरल्या. सभेला कोरम भरला नाही, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, आठ जण आले तरी ठराव होतो. हे मला कावेरीने सांगितले.

दुपारी बाजारातल्या बायका केंद्रावर आल्या. भिवराबाई मला म्हणाली, "शिवगंगे, तुझ्या माणसानं मेल्यावर खोटं सांगितलं की गं आमाला." बंकट तेथे उभा होता. तो म्हणाला, "पोरीनं बटण दाबलं आसंल, दुसरं काय." त्यावरून कावेरीविरुद्ध अर्ज झाला. गुन्हा दाखल झाला तर केंद्राला टाळे लागेल, असे तिला सांगण्यात आले. कावेरी त्या वेळी घाटनांदूरला बँकेत होती. साउंडबोर्डवर मी होते. साडेनऊला भरड्याच्या पिठाच्या पाककृती चालू होत्या. काय किती वाजता वाजले त्याची यादी लॅपटॉपमध्ये आपोआप राहते, ती मी काढून दिली आहे.

जमादार म्हणाले, "मावशी, यादी तर कुणीबी बदलू शकतं."

म्हणून दुसरी गोष्ट सांगते. माझ्या शेजारी वत्सलाबाई राहतात. मंगळवारी साडेनऊला त्या पुण्याच्या लेकीला फोनवर बोलून निरोप पाठवत होत्या, तेव्हा दारावरून जीप गेली. तो आवाज निरोपात आला आहे. संध्याकाळी त्यांनी मला ऐकवला. त्यात पतींच्या बोलण्याआधी तीन थापा आहेत आणि शेवटी 'हळू' एवढा माझा शब्द आहे, पुढचे कापलेले आहे. कापणाऱ्याने घाई केली. आम्ही असे कापत नाही.

हे तीनही आवाज मी आज ठाण्यात ऐकवले. रेडिओचा, माझ्या फोनमधला आणि जीपचा. जमादार थापा मोजताना दोनदा चुकले म्हणून तिसऱ्यांदा लावला. मग म्हणाले, "बटणं दाबायला एवढं काय शिकायचं असतंय, मावशी?" मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "दाबा की, सायेब. बातमीची धून लावा." शेळी ओरडली. बाहेरचे दोन शिपाई आत बघायला आले.

बंकटने हे कोणाच्या सांगण्यावरून केले ते मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी सांगणार नाही. कावेरीने काही केलेले नाही. न कापलेला आवाज मी बंकटशिवाय कोणालाही दिलेला नाही.

जबाब वाचून दाखवायची पद्धत आहे असे जमादार म्हणाले. मी म्हणाले, द्या इकडे, मी वाचते. पूर्ण वाचला. एका ठिकाणी 'अशिक्षित' लिहिले होते, ते काढायला लावले. बाकी मी सांगितले तसेच आहे, खरे आहे. अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला होता, तो परत केला आणि सही केली.

वाचताना एक गोष्ट राहिली असे दिसले, ती खाली लिहून घेतली आहे.

सभेच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी सात वाजता मी पहिल्या चौकोनातून पतींचा आवाज काढला आणि तेथे माझा भरला. मग तो दाबला. "ऐका मंडळी, मल्लिनाथ शेटेंची बायको शिवगंगा बोलतेय." त्यानंतर कालची सभा कोणी रद्द केली नव्हती आणि तहकूब सभा सोमवारी दहा वाजता आहे, असे तीनदा सांगितले, आणि मग पाण्याच्या पाळ्या सांगितल्या.