पाडव्याच्या जेवणाला डेनीस

जन्म माझा इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा. बाबा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, पुण्याहून आलेले, आणि बढतीची वेळ आली की दर वेळी त्यांच्या हाताखाली शिकलेला गोरा मुलगा वर जायचा आणि बाबा होते तिथेच राहायचे. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना वाईट ठरवाल.

एटीसेव्हनला मी माझ्या पॉलिटेक्निक कॉलेजकडून वर्षभर अमेरिकेत शिकायला गेले, दक्षिणेतल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत. ती काळ्या लोकांसाठी काढलेली, गोऱ्यांच्या कॉलेजात त्यांना घेतच नव्हते ना एके काळी. बाबा म्हणाले, अमेरिकेला जा, पण आपल्या मराठी मंडळात कॉलेजचं नाव सांगत बसू नकोस. नाही सांगितलं. काय सांगू तुम्हाला, पहिले दोन आठवडे मी नुसती रडत होते, आणि डेनीस, माझी रूममेट, म्हणायची, ऊठ, तुला कोणी खात नाही इथे, आणि मला क्लासला, कॅन्टीनला ओढत न्यायची, आणि कोणी विचारलं ही इंडियन इथे काय करते, तर म्हणायची, शिकते, तू काय करतोस? एका रविवारी तिच्या आजीच्या चर्चमध्ये गेलो. तिथे नवीन माणसाची ओळख करून देतात. आजी माझा हात धरून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ही आमची मुलगी, इंग्लंडहून आलीय.

मी परत आले, आणि पुढच्या मार्चमध्ये डेनीस सुट्टीत आमच्याकडे आली. आईला आवडली. पोळ्या लाटायला बसली, आई म्हणाली, अगं, गोल, गोल, आणि दोघी हसत सुटल्या. त्या रविवारी मंडळाचं पाडव्याचं जेवण होतं.

आमच्याकडेही नवीन माणसाची ओळख करून देतात, जेवणाआधी, घरातल्या मोठ्या माणसाने. बाबा उठले आणि म्हणाले, ही आमच्या वॉर्डातली नर्स, इथे एकटीच असते, म्हटलं चल जेवायला. मराठीत म्हणाले. तिथल्या हॉस्पिटलांत काळ्या नर्स पुष्कळ, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वा डॉक्टर. डेनीसने हसून हात हलवला, मला विचारलं, काय म्हणाले गं? मी म्हटलं, माझी कॉलेजची मैत्रीण, असं म्हणाले.

श्रीखंड वाढत होते तेव्हा एक मावशी, भली बाई, तिच्याशेजारी बसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, कुठल्या वॉर्डवर असतेस तू, माझे मिस्टरही तिथेच आहेत, तुम्हा नर्सेसशिवाय हॉस्पिटल चालत नाही बाई. डेनीसने माझ्याकडे पाहिलं. मग मावशींना म्हणाली, सध्या सुट्टीवर आहे, मॅम. आणि ताटातलं सगळं संपवलं.

दुसऱ्या दिवशीच ती निघाली. कोच स्टेशनवर, बस सुटायच्या आधी, मी म्हटलं, सॉरी, बाबांचं ना, ते असेच आहेत. ती म्हणाली, तुझ्या बाबांना मी ओळखत नाही. तुला ओळखते असं वाटत होतं.

पत्रं लिहिली, तीन-चार. उत्तर नाही.

आता मी लंडनमध्ये हॅरोला शाळेत शिकवते, बाबा रिटायर होऊन बागेत असतात. मागे एकदा विचारलं, नर्स का म्हणालात? म्हणाले, टाळ्या पडल्या ना? मान मिळाला की तिला. त्यांच्यावर रागावून झालं माझं. पण ते मराठीत बोलले, तिला कळलंही नसतं. तिच्या भाषेत तिला खोटं सांगितलं ते मी. देव तिचं भलं करो, माझ्याशी नाही बोलली तरी चालेल.