पासावरचा उन्हाळा

पारूबाई : चौऱ्याण्णव न्हाई रे, त्र्याण्णव सालचा उन्हाळा तो. तुझे आजोबा एसटीत कंडक्टर, जूनमध्ये रिटायर होणार. घरच्यांना फुकट पास मिळायचा, तो शेवटचाच. तुझी आई रेणुका माहेरी आली अन् म्हणाली, बाबा, पास वाया घालवायचा न्हाई.

आदर्श : तेच सांग, आजी. उद्या लेकीला सहस्रकुंडच्या धबधब्यावर नेणार आहे. सोमवारी लातूरला क्लास सुरू झाले की मला शिकवण्यातून उसंत नाही.

पारूबाई : भीमजयंती झाली की निघालो. देगलूर झालं, शिरूर अनंतपाळला माझ्या बहिणीकडं राहिलो. टरबूज खाऊन तुला उलट्या. रेणुका खिडकीशी बसायची अन् ड्रायव्हरला सांगायची, सावकाश हाणा, मला गावं बघू द्या. सासरी, किल्लारीकडच्या त्या खेड्यात, तिला घराबाहेर कोण सोडतंय?

आदर्श : अन् शेवटी सहस्रकुंड. आईचं मला तेवढंच आठवतं. पाण्याचा आवाज, मी कडेवर, तिचा गाल ओला, हातातल्या बांगड्या माझ्या पाठीला रुतत होत्या.

(पारूबाई हातातलं निवडायचं ताट बाजूला ठेवते.)

आदर्श : काय झालं?

पारूबाई : उद्या लेकीला काय सांगशील तिथं?

आदर्श : इथं माझ्या आईनं मला धरलं होतं, हेच.

पारूबाई : मग आजच ऐक. आपण गेलो तवा मे होता. सहस्रकुंडला पाण्याची एक धार न्हवती, नुसता तापलेला काळा खडक. रेणुका चिडली. तुझे आजोबा म्हणाले, पोरी, पाणी पावसाळ्यात येतंय अन् पास उन्हाळ्यात मिळतोय. लई हसली. तू सावलीत माझ्या मांडीवर झोपला होतास.

आदर्श : तुझी काहीतरी गल्लत होतेय.

पारूबाई : न्हाई. जूनमध्ये ती सासरी गेली, तुला माझ्याजवळ ठेवून. नांदेडची शाळा बरी, म्हणाली. सप्टेंबरात भूकंप झाला. जाड दगडी भिंती त्या. ती अन् तुझा बाप, दोघंबी आत.

आदर्श : मग मला धरलेली बाई कोण?

पारूबाई : शेजारची जोहरा, बांगडीवाल्या महेबूबभाईची बायको. मी खाट धरली होती, तुला तीच जेवू घालायची. पुढच्या पावसाळ्यात तुला माहेरी घेऊन गेली, इस्लापूरला. तिथून सहस्रकुंड जवळच. भूकंप झाल्यापासून तू आईचं नाव काढलं नव्हतंस. ते पाणी बघून भ्यालास, तिच्या गळ्याला मिठी मारलीस अन् आई म्हणून ओरडलास. तिनं ओ दिली.

आदर्श : तुला कुणी सांगितलं?

पारूबाई : तिनंच. परत आली ती माझ्या तोंडाकडं बघेना. म्हणाली, पारूबाई, तुमच्या रेणुकाची हाक मी घेतली. मी म्हणाले, कुणीतरी ओ द्यायलाच पाहिजे होती.

आदर्श : म्हणजे आईचं माझ्याकडं काहीच नाही.

पारूबाई : न्हाई. माझ्याकडं लई हाय, पण ते तुला देता येत न्हाई.

आदर्श : इतकी वर्षं बोलली नाहीस.

पारूबाई : तुझ्याजवळ तेवढीच आई होती. आज बोलले, कारण पोरीलाबी तेच सांगशील.

आदर्श : आजोबांना माहीत होतं?

पारूबाई : हाव. पण त्या उन्हाळ्याचं नाव काढलं की उठून जायचे. पुन्हा एसटीत बसले न्हाईत. शेवटी दवाखान्यातबी रिक्षानं गेले, ते परत आलेच न्हाईत. मग महेबूबभाई गेले. त्यांच्या दुकानाच्या जागी आता क्लासच्या पोरांची मेस हाय.

आदर्श : अन् जोहराखाला?

पारूबाई : देगलूरला, लेक जेबाकडं. तीच बघते सगळं.

आदर्श : मग उद्या देगलूरलाच जातो. पोरीला घेऊन.

पारूबाई : जा. दारातून मोठ्यानं हाक मार, तिला आता कमी ऐकू येतं.