डावीकडचा स्पीकर

नाई नाई ओमप्रकाशभाऊ, हे ठेवा तुमी डब्यात, हे नवरदेवाच्या टॅक्सीले लावजा — मले ते अंडाकार काढून द्या, हा, हे! हे झाले स्पीकर. हातात घेतले तं वजन लागलं पाह्यजे ना भाऊ, पपई घेतानाबी आपन वजन पाह्यतो. चार लावा. चार कुठं बसन? अहो बसते, पिकअपचं केबिन हाये, आगपेटीची डबी नाई. दोन दाराइत, दोन मांगं फळीवर, अन् सीटमांगचा जॅक-पाना सारा काढून तिथं वूफरचं खोकं. मांगची काच झाकून जाईन? जाऊ द्या. मांगचं दिसन नाई? मांगचं काय पाहाचं हाये आता — झाकाच तुमी, बरं होईन, ऊन येते तिकून. अन् डावीकडचा जरा जास्त जोराचा लावजा. डावीकडचा काऊन? बसनाऱ्यासाठी! चालवनाऱ्याचं काय, तो हॉर्न आयकते, गिअर टाकते, त्याचं मन रमते. बाजूच्या मानसाले काय काम असते, सांगा बरं? बोलाचंच काम असते ना!

संध्याकाळपर्यंत पाह्यजे पन. उद्या नऊ वाजता मले वयनीले सिंदीले सोडाचं हाये, रेल्वेवाल्या सिंदीले, तिच्या मायेरी. मोहिनीवयनी, प्रेमदासदादाची बायको. ओळखत असान तुमी दादाले — हो, तोच, नालवाडीचा बिछायतवाला, गाद्या-खुर्च्या-मांडव. मी त्याचा लहाना भाऊ, अंकुश. वीस दिवस झाले ना. तेरवी झाली. लगनाच्या गाद्या घेऊन जाऊन राह्यलतो, तं पाय घसरला त्याचा गाडीवरून, डोक्याले लागलं, जागच्या जागी — जाऊ द्या भाऊ, तुमी असं तोंड नका करू, मी काय रडाले आलो का इथं? मले आज मस्त वाटून राह्यलं. सकाळपासून चार चहा पेलो, दोन समोसे खाल्ले, तुमच्या दुकानाच्या पायऱ्या मी धावत चढलो, पाह्यलं ना तुमी? दादालेच शौक होता याचा! तो म्हने, अंकुश, एक दिवस गाडीत असा डेक लावू का पवनारच्या पुलावर वाजला तं नालवाडीत मायच्या पातेल्यातलं वरन हाललं पाह्यजे.

बरं, असं नाई म्हने तो. खोटं काऊन बोलू. तो म्हने, बंद कर ते तुनतुनं, गाडी काय म्हन्ते ते आयक. त्याले इंजिनचाच आवाज पाह्यजे, दुसरा कायचाच नाई. बेरिंग वाजलं का झोपेतून उठून बसे. म्हने, तू सातवीपर्यंत मास्तरचं नाई आयकलं, इंजिनचं तरी आयकत जाय बे. मी म्हनो, मास्तर मारे, इंजिन थोडी मारते! मंग आमी दोघं हासो. तो पुढे बसला का टेप बंद, अन् मांगं बसला का माझं राज! गाद्याइचा ढीग राह्यला का तो वर बसे, राजावानी, पाय पसरून, डोक्याले दुपट्टा. अन् टपावर थाप मारे — एक थाप म्हंजे थांब, दोन म्हंजे चाल. साऱ्या गाड्याइचं असंच असते ना भाऊ, त्याच्यात शिकाचं काय हाये, लहान पोरगंबी समजते. एक थांब, दोन चाल.

मी काय सांगून राह्यलतो? हा — वयनी. तिनं अजून मले विचारलं नाई पाहा, वीस दिवसांत एकदाबी नाई. नुसती पाह्यते. पोळी वाढता वाढता पाह्यते. चहा देते अन् कप सोडतच नाई. पन घरी माय राह्यते, पाहुने राह्यते, कोनी ना कोनी येते, मी उठतो अन् पानी आनाले जातो. एवढं पानी आनलं मी, भाऊ, का तानाबाई शेजारीन म्हने, काऊन रे, हौद बांधून राह्यले का घरात! काल माय म्हनली, अंकुश, वयनीले तूच सोडून ये. मी म्हनलो गाडीचं काम हाये, टायर हाये, मले ताप हाये. तं वयनी म्हन्ते, नाई, मी भाऊजीसंगच जातो, मले त्याइच्यासंग बोलाचं हाये. आता सांगा! घंटाभराचा रस्ता, केबिनमंधी आमी दोघंच, अन् ती डावीकडे. म्हनून म्हनतो, असा आवाज पाह्यजे का बाजूच्या मानसाचं तोंड हालताना दिसलं पाह्यजे, पन आयकू नाई आलं पाह्यजे.

हासू नका ना! हो, मले समजते, घरात मौत झाली अन् हा डेक वाजवते, लोक म्हन्तीनच. पन मी गाने लावनारच नाई! मी भजन लावनार. भजनाची सीडी द्या तुमी, ढोलकी जास्त असलेली, झांजा असलेली. फुल आवाजात भजन लावलं तं कोन म्हनन का बंद कर? देवाचं नाव बंद कर म्हनाची कोनाची हिंमत हाये? रात्रभर विचार करून काढलं हे मी. दादा असता तं म्हनला असता, पाहा, बैलाले डोकं फुटलं.

लागले? एवढ्या लवकर? वायरी लोंबून राह्यल्या तं राहू द्या, टेस्टिंग तं करू. तुमी इकडून बसा, डावीकडे. आता तुमी वयनी. पदर नका घेऊ भाऊ, नुसतं बसा! लावा ते भजन. वाढवा. माझं नाव अंकुश! — आयकू आलं? मंग वाढवा अजून. मी दोन समोसे खाल्ले! — तेबी आलं? फुल करा, बटन पार शेवटपर्यंत फिरवा — वा! वा भाऊ! आरसा पाहा कसा थरथरून राह्यला! दातात वाजून राह्यलं माझ्या! आता तुमी बोला काहीतरी. काय? काय म्हनता? नाई येऊन राह्यलं! तोंडच हालून राह्यलं नुसतं! आता मी बोलतो, पाहा — ओमप्रकाशभाऊ महाचोर हाये! नाई चिडले! आयकूच नाई आलं! आता मी काहीबी बोलू शकतो, काहीबी — वयनी! ओ वयनी! पाय नाई घसरला त्याचा! त्याचा पाय घसरते का कधी, आठ वर्सं बसला तो गाद्याइवर! गाद्याइचा दोर सुटला होता! त्यानं थाप मारली, वयनी, लय मारल्या, टपाचा रंग उडला हाये त्याच्या अंगठीनं, सात जागी, मी मोजले मंग. मले नाई आयकू आलं. मी टेप लावलता. फुल लावलता. नवीन कॅसेट होती, मी मुंडकं हालवून राह्यलतो. नाल्याच्या वळनावर आरशात पाह्यलं तं गाद्या रोडवर, एकामांगं एक, अठ्ठावीस गाद्या — अन् मी हासलो, वयनी. म्हनलो, आता दादाच्या शिव्या खाव्या लागतीन. एवढ्या गाद्या पडल्या अन् तो एकाबी गादीवर नाई पडला —

काय झालं? असे काऊन पाहून राह्यले भाऊ?

ते समोरचे चहावालेबी इकडेच पाहून राह्यले.

भजन संपलं? कधी? … एकच होतं का त्याच्यात?

कधी संपलं, सांगा ना. गाद्याइचं सांगून राह्यलतो त्या वक्ती? त्याच्या आंधी? … थापीच्या वक्ती?

बरं.

काढून घ्या हे, भाऊ. चारही काढा. हे काही कामाचं नाई.