पुढच्या सीटची इंग्रजी

हसू नगा, पन इंग्रजीच्या दोन मास्तरांना मी एकदा हरवलंय. तवा मी केज-बीड जीप चालवायचो. पुढं एकच जागा उरल्याली, अन् क्लासवाल्या दोघा सरांनाबी तीच पायजे. मागं लटकायला कुनीच तयार न्हाई.

मी म्हनलं, "सर, म्हस आडवी आली की मी काय करतो? बरुबर इंग्रजी सांगंल तो पुढं."

एक म्हनला, "टर्न."

दुसरा म्हनला, "टर्न चौकात घेत्यात. झटकन बाजूला काढली की स्वर्व."

लई भांडले. शेवटी म्हनले, "तूच सांग बे."

"सर, मी ब्रेक मारतो," म्हनलं, अन् सीताफळाची पाटी घेऊन उभ्या म्हातारीला पुढं बसवलं. दोघं सर बीडपस्तोर मागं लटकले.