मोझाबाईच्या गाठी

१९८७चा जानेवारी. अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या पोस्टात रांगेत माझ्यापुढे वडील आणि मुलगी पार्सल घेऊन उभे होते. बोलणं मराठीत चाललं होतं.

"वीणा, झांझिबारला पार्सल कधी पोचेल?"

"दोन महिने तरी लागतील. मोझाबाईला सोलापुरी चादर आवडेल, बाबा."

"ते मलेरियाचं परत सांग. फोनवर नीट ऐकू आलं नव्हतं."

"नऊ दिवस मी तिच्या घरी पडून होते. माझ्या संशोधनातला माकडांचा रोजचा काउंट चुकणार म्हणून रडत होते. ती लाल माकडं फक्त त्याच बेटावर आहेत, पंधराशेच उरलीत. मग मोझाबाईच रोज जंगलात जाऊन मोजायला लागली."

"तिचं पीक खातात ना ती माकडं?"

"हो, एरवी ती त्यांना दगड मारून हाकलते. लिहिता येत नाही, म्हणून काथ्याच्या दोरीला माकडामागे एक गाठ मारायची. रोज नवी दोरी. नवव्या दिवशी एक गाठ जास्त होती. एका माकडिणीला बाळ झालं होतं... बाबा, आर यू ओके?"

"ठीक आहे. हे पाकीटही आत घाल. मी पत्र लिहिलंय."

"हे तर मराठीत आहे. तिला कसं कळणार?"

"इंग्रजीत लिहायला बसलो होतो. पण माझी मुलगी सांभाळलीस, हे इंग्रजीत मला लिहिताच येईना."

"मग मी तिच्या भाषेत वाचून दाखवेन तिला. एप्रिलमध्ये."

"म्हणजे परत जाणार?"

"काम अर्धंच झालंय, बाबा."

"मागच्या वेळी मी नको म्हणालो होतो."

"हो."

"या वेळी मलेरियाच्या गोळ्या मी देतो. एकही चुकवायची नाही."