बाजूला मंडळी बसतात

...आन् वर गाडी धुऊन देतात! अहो, माणूस घंटी वाजती म्हणून गाडी घेऊन गेला, आन् ह्या सर्व्हिसिंगवाल्यांनी काय केलं? धुतली! पाणी मारलं, फडकं मारलं, टायरला काळं पॉलिश लावलं, आत कसलासा गुलाबाचा वास मारला आन् किल्ली हातात दिली, "हो गया अंकल, एकदम ओके!" कशाचं ओके? बद्रीअण्णा फाटकाच्या बाहेर पडले न पडले तोच... टिंग टिंग टिंग टिंग!

तुम्हाला सांगतो, गारखेड्याचे आमचे बद्रीअण्णा म्हंजे लई गरीब माणूस. पाटबंधाऱ्यात उभी नोकरी काढली, पण कोणाला अरे म्हणून बोलले नाय. रिटायर झाल्यावर हौसेनं छोटी पांढरी गाडी घेतली. आता हल्लीच्या गाड्या कशा असत्यात तुम्हाला मालूमच हाय... बाजूच्या सीटवर माणूस बसला आन् त्यानं पट्टा नाय लावला की घंटी वाजती. चांगली गोष्ट हाय. पण माणूस बसला तर ना! इथं सीट रिकामी. रिकामी म्हंजे रिकामी, पिशवी नाय, छत्री नाय, साधा पेपर नाय. तरी टिंग टिंग! समोर लाल दिवा लागतो, आन् अण्णा त्या दिव्याला हात जोडून सांगत्यात, "बाजूला कोणी नाय हो!" दिवा ऐकतो व्हय?

बरं, कंपनीला फोन करावा तर फोनची वेगळीच तऱ्हा. आधी सनई. मग एक बाई सांगती, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा हाय तर उचल की! मग परत सनई... अण्णांची भाकरी गार झाली, सनई काय सरंना. शेवटाला एक पोरगी बोलली, गोड बोलली, खोटं कशाला सांगू. "सर, बाजूच्या पॅसेंजरला बेल्ट लावायला सांगा ना."

"बाई, बाजूला कोणी नाय हो!"

"ओके सर. मग त्यांना एकदा बेल्ट लावून बघायला सांगा."

आता बोला!

आन् गंमत म्हंजे ही घंटी पैल्यापासून वाजायची. पण तवा तिला कारण होतं. तवा बाजूला साळूबाई बसायच्या. अण्णांच्या घरच्या. दर सोमवारी दोघं वेरूळला घृष्णेश्वराला जायचे, आन् साळूबाईंनी पट्ट्याला कधी हात लावला असंल तर शपथ! "पदर चुरगळतो. जीव गुदमरतो. मी काय पळून चालले का, बांधून ठेवाया?" अण्णा म्हणायचे लाव, त्या म्हणायच्या नाय लावत. लाव... नाय लावत... टिंग टिंग... लाव... असं करत करत दौलताबाद यायचं. फक्त पडेगावला पोलीस दिसला की साळूबाई पट्टा हातानं वढून नुसता अंगावर धरायच्या, पोलिसाकडं बघून गोड हसायच्या, आन् तो मागं पडला की सोडला पट्टा! सर्रकन वर! अण्णा वैतागायचे, "अगं, ही घंटी डोस्कं खाती माझं!" आन् त्या म्हणायच्या, "घंटी खाती का मी?"

मागल्या दिवाळीच्या आधी साळूबाई गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. आन् अण्णा पैल्यांदा एकटे गाडीत बसले, चावी फिरवली, आन् रिकाम्या सीटवरून टिंग टिंग टिंग...

आता तुम्हीच सांगा, कसं सोसावं? गाडी दिवसभर सांगती बाजूला माणूस बसलंय, आन् मान वळवून बघावं तर कोणी नाय. दर बारीला मान वळायची हो अण्णांची! रस्ता सोडून तिकडं बघायचे. एकदा सिग्नलला रिक्षाला घासता घासता वाचले. लेकीनं हैदराबादवरून फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, घंटी दुरुस्त करा, नायतर गाडी विका." आन् गाडी विकली तर अण्णांचा सोमवार गेला. घरात काय हाय? भिंती. बोलणार कोणाशी, कुकरशी?

म्हणून परत गेले. आन् तिथं दर खेपेला नवा साहेब! मागल्या खेपेचा कुठं गेला? "वो छोड के गये अंकल." परत पैल्यापासून सांगा. ह्या खेपेचा नवा साहेब म्हंजे कवळा पोरगा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, केसाला जेल, बोटं मोबाईलवर. अण्णांकडं न बघताच विचारतो, "काका, पुढच्या सीटवर बाजूला कोण बसतं?"

आता जुना माणूस बायकोचं नाव घेतो का हो? चारचौघांत तर नायच नाय. अण्णा मान खाली घालून हळूच म्हणले, "आमची मंडळी बसायची."

झालं! तुम्हाला आम्हाला कळतंय मंडळी म्हंजे कोण. पण त्या पोराला मंडळी म्हंजे मोबाईलात 'नमस्कार मंडळी' म्हणत्यात ती! आता तुम्हीबी मंडळीच की, पण तुम्हाला एका सीटवर कोण बसवील? त्यानं बसवलं! भुवया वर केल्या, "मंडळी? पुढच्या एका सीटवर?"

"व्हय. दर सोमवारी. वेरूळपत्तोर."

"पट्टा न लावता?"

"कधीच नाय लावला," अण्णा म्हणले, आन् इमानानं सांगतो, बोलताना त्यांना जरा हसूच आलं.

पोरानं टकाटका टाईप केलं. संध्याकाळी फोन आला. वॉरंटी नामंजूर! का? पुढच्या सीटवर क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी बसवून सीटमधला सेन्सर दाबून बिघडवला! एकट्या साळूबाई हो! वाऱ्यानं उडतील एवढी बाई, आन् म्हणे जास्त प्रवासी! आता अण्णांनी तिथंच म्हणायचं ना, अरे बाबा, मंडळी म्हंजे माझी बायको, आन् ती गेली! पण नाय आलं तोंडातून. गेली हा शब्दच नाय यायचा. नुसते फोनमधी म्हणत राहिले, "बाजूला कोणी नाय हो... बाजूला कोणी नाय..."

मग आमच्यासारखा पेटला असता! अण्णा काय पेटतात? ते रोज जाऊन बसायला लागले. निवांत काचेच्या हॉलात, ए.सी.त, मशीनची गोड मिट्ट कॉफी प्यायची, टीव्हीवर त्याच गाडीची तीच जाहिरात बघायची. खरं सांगू? घरापरीस बरं वाटायचं त्यांना. चार माणसं "बसा काका" तरी म्हणायची. शेवटाला मोठा मॅनेजरच वैतागला. टाय सावरत आला, "काका, चला, तुमचं वय बघून फुकट बदलून देतो. पण एक शब्द द्या. यापुढं मंडळी बसवायची नाय!"

अण्णांनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणले, "नाय बसवत."

बदललं बुवा सेन्सर! गाडी धुतली, ते तर हायेच. सोमवारी अण्णा निघाले. चावी फिरवली... शांत. गारखेडा सुटलं... शांत. पडेगाव आलं, पोलीस उभा होता, अण्णांनी सवयीनं मान वळवली... काय नाय. काय म्हंजे कायच नाय! निस्ती गाडी चालल्याचा आवाज. अण्णांच्या तोंडून आपसूक निघालं, "लाव की पट्टा..." आन् त्यावर टिंग नाय, उत्तर नाय, काय नाय. तुम्हाला सांगतो, बाई गेली तवा माणसांच्या गर्दीत होते, रडले नाय. दौलताबादच्या अलीकडं गाडी कडेला घेतली आन् मोठ्यानं रडले. वेरूळ राहिलं तिकडंच. गाडी वळवली ती थेट सर्व्हिसिंगला!

तिथं परत नवा साहेब! "बोला काका, काय प्रॉब्लेम?"

"घंटी वाजत नाय."

साहेबानं कॉम्प्युटर बघितला, गाडी बघितली, अण्णांना बघितलं. "काका, तुमची तक्रार तर वाजती म्हणून होती!"

"व्हय. ती वाजत होती तशी करून द्या."

"अहो, सेन्सर नवाकोरा हाय, एकदम चालू हाय!" साहेब हसला, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणला, "हे बघा, इथं लिहिलंय की, बाजूला मंडळी बसतात. त्यात काय अवघड? मंडळी बसवा काका, लगेच वाजंल!"

अण्णांनी किल्ली हातात घोळवली. लई हळू म्हणले, "बाजूला कोणी नाय हो."

साहेबाला फोन आला होता. त्यानं फोनवर हात धरला, "हां काका, काय म्हणलात? आणखी काय काम?"

"काय नाय," अण्णा म्हणले. "धुऊन द्या."